चूक कुणाची माफ होते?

परदेशी शिकून आलेल्या आपल्या माणसाला वस्तीत आणि वसतिगृहात ठरलेले प्रश्न विचारले जातात. तिथे थंडी किती, खायला काय मिळते, खर्च किती येतो, आणि शेवटी, आवाज थोडा खाली आणून, "तिथं जात विचारतात का रे?"

२०१६ ते २०१८ ही दोन वर्षे मी मेक्सिको शहरात शिकत होतो. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. चौथ्याला "नाही" असे एका शब्दात उत्तर देऊन मी पुष्कळदा मोकळा झालो. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ते पुरे करण्यासाठी तिथल्या रोजच्या जगण्यातल्या काही गोष्टी सांगाव्या लागतील. त्या वाचून तिकडे जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना थोडी माहिती मिळेल, आणि इथे राहून काम करणाऱ्यांना विचाराला एखादा धागा मिळेल, एवढीच अपेक्षा आहे.

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर, एका जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेले आहे. १५२१ साली स्पॅनिश फौजांनी आस्तेकांची तेनोच्तित्लान ही राजधानी पाडली आणि तिच्याच दगडांवर आपले शहर उभारले. तेव्हापासून तिथली राज्याची, कोर्टाची, शाळेची आणि बाजाराची भाषा स्पॅनिश. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर इंग्रजीला फारसे कुणी विचारत नाही. इंग्रजी येते म्हणून गावाकडे ज्याला लोक 'साहेब' म्हणतात, तो इथे पाव मागतानासुद्धा खुणा करतो. आपल्याकडे इंग्रजी ही वर चढण्याची शिडी. ती शिडी विमानतळावरच राहिली आणि मी पुन्हा बालवाडीत जाऊन बसलो.

शब्दशः बसलो. तिथल्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवण्याची सोय १९२१ सालापासून आहे. वर्गात कोरियन, जर्मन, ब्राझिली, चिनी असे सगळे होते. बाई हाताकडे बोट दाखवीत आणि आम्ही हाताचे नाव सांगायचे. स्पॅनिशमध्ये हात म्हणजे 'मानो', आणि हा हात स्त्रीलिंगी आहे. 'ला मानो' म्हणायचे. मराठीतला हात पुल्लिंगी. त्यातून 'ओ'काराने संपणारे शब्द तिथे बहुधा पुल्लिंगी असतात. त्यामुळे माझ्या तोंडून दर वेळी 'एल् मानो' निघे. चंद्र तिथे बाई आणि आपल्याकडे बुवा. असे किती सांगावे! रोज पंचवीस चुका होत. बाई हसत, आम्ही हसत, आणि तास पुढे चाले.

त्या हसण्याने मी पहिल्या आठवड्यातच गोंधळून गेलो, कारण भाषेतल्या चुकीचे हसणे मला वेगळे माहीत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तालुक्याच्या हायस्कुलात गेलो तेव्हा माझ्या तोंडी 'पानी' असे. गुरुजींनी मला तो शब्द तीनदा म्हणायला लावला. वर्ग तीनदा हसला. त्या हसण्यात मी कुठून आलो, माझा बाप काय करतो, घरात पुस्तक आहे की नाही, ह्या सगळ्याचा पत्ता होता. 'न' आणि 'ण' ह्यांत नुसता उच्चाराचा फरक नसतो. पिढ्यान्‌पिढ्या अक्षर कुणाच्या घरी होते आणि कुणाच्या दारात त्याला बंदी होती, त्याचा हिशेब त्यात असतो. म्हणूनच आपली पोरे वर्गात उत्तर येत असूनही गप्प बसतात.

मेक्सिकोतल्या त्या वर्गात माझ्या चुकीला वंश नव्हता. मी चुकलो की त्यातून एवढेच कळे, की हा परदेशी आहे. जर्मन मुलगाही चुके आणि तोही परदेशीच ठरे. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्याने चुकायला लागलो, आणि म्हणूनच भाषा लवकर शिकलो. चुकण्याचा हक्क ही शिकण्याची पहिली अट आहे, हे मला तिथे कळले.

खोलीसुद्धा दोन दिवसांत मिळाली. तिसऱ्या मजल्यावरचे घर, मालकीण साठीची. भाडे, पाहुण्यांचा नियम आणि गरम पाण्याची वेळ एवढेच तिने सांगितले. किल्ली हातात घेताना मला बाबासाहेब आठवले. न्यूयॉर्क आणि लंडनच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा एवढ्या मोठ्या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. परदेशातल्या खोलीची किल्ली आपल्या माणसाच्या हातात पडते तेव्हा ती नुसती किल्ली नसते, हे ज्यांना नेहमीच खोली मिळत आली आहे त्यांना समजावून सांगणे अवघड आहे.

नावाचाही एक अनुभव सांगतो. स्पॅनिश भाषिकांत माणसाला दोन आडनावे असतात, आधी बापाचे आणि मग आईचे. लग्नानंतरही बाईचे आडनाव बदलत नाही. एका नोंदवहीत नाव घालताना कारकुनाने आईचे आडनाव विचारले. मी माझेच पुन्हा सांगितले. तो म्हणाला, "हे बापाचं झालं. आईचं सांग." आईचे माहेरचे आडनाव मला धड ठाऊक नव्हते! रात्री घरी फोन लावला. आई म्हणाली, "माझं आडनाव कशाला पायजे रं त्यायला?" मग तिने ते सांगितले, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा, सावकाश सांगितले. जे आडनाव आमच्या कुटुंबात तीस वर्षांत कुणी उच्चारले नव्हते ते सातासमुद्रापार एका वहीत लिहिले गेले. आपल्याकडे आडनाव कळले की समोरच्याची नजर बदलते. तिथे त्या दोन्ही आडनावांचा अर्थ कुणालाच कळत नव्हता. त्या अज्ञानाएवढे स्वातंत्र्य मी दुसऱ्या कशात अनुभवले नाही.

शहर कळायला लागले ते भुयारी रेल्वेतून. ही रेल्वे १९६९ साली सुरू झाली. २०१३च्या अखेरीपासून तिकीट पाच पेसो आहे, अंतर कितीही असो. प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र आहे. चापुल्तेपेकला नाकतोडा आहे, कारण मूळ नाहुआत्ल भाषेत त्या नावाचा अर्थच नाकतोड्यांची टेकडी असा. कोयोआकानला कोल्ह्यासारखा कोयोटे. ज्या काळात पुष्कळ प्रवाशांना वाचता येत नव्हते त्या काळात ही चित्रे काढली गेली. अक्षर न येणाऱ्या माणसालाही शहरात फिरण्याचा हक्क आहे, असे कुणीतरी मानले होते. मीही पहिले दोन महिने त्या चित्रांवरच फिरलो.

आठवडी बाजाराला तिथे 'तियांगिस' म्हणतात. हा शब्दही नाहुआत्लमधून आलेला. रस्त्यावर कापडी छपरे टाकून आपल्या बाजारासारखाच बाजार भरतो. विक्रेते गिऱ्हाइकाला हाक मारतात, "ग्वेरो, काय देऊ?" ग्वेरो म्हणजे गोरा. मी काळासावळा माणूस. पहिल्यांदा मागे वळून पाहिले, कुणी गोरा उभा आहे की काय! नंतर कळले, ही सगळ्यांनाच मारायची लाडाची हाक आहे. माणसाला खूश करायचे तर त्याला गोरा म्हणायचे. ह्या एका हाकेत चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास बसला आहे, आणि हाक मारणारा स्वतःही बहुधा माझ्याच रंगाचा असतो.

त्याच बाजारात मिरची, मका आणि टोमॅटो ह्यांचे ढीग असतात. आपला ठेचा ज्या मिरचीचा होतो ती मिरची मुळात ह्याच भूमीतली. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली. टोमॅटो हा शब्दही नाहुआत्ल 'तोमात्ल'वरून आलेला. तिथली भाकरी म्हणजे मक्याची तोर्तिया. तिच्यासाठी मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात आणि मग दळतात. ह्या चुन्यामुळे मक्यातले एक जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपियनांनी मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. 'अडाणी' बायकांचे ज्ञान त्यांना ज्ञान वाटले नसावे. परिणामी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मक्यावर जगणाऱ्या इटलीतल्या आणि स्पेनमधल्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांच्या हातात किती शास्त्र असते, ह्याचे हे उदाहरण आपल्या शिक्षकांनी वर्गात सांगण्यासारखे आहे.

मक्याचे नाव निघाले म्हणून एका मराठी माणसाचीही आठवण सांगायला हवी. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. परागंदा होऊन ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा ह्या चित्रकाराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर १९२३ ते १९२८ ह्या काळात जी चित्रे काढली, त्यांतल्या एका चित्रात भाकरी वाटून घेणाऱ्या श्रमिकांच्या पंक्तीत खानखोजे दिसतात. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभा होतो. एकत्र जेवणाऱ्यांची पंगत हे चित्र आपल्या डोळ्यांना किती नवे वाटते!

इथवर वाचून मेक्सिको म्हणजे समतेचा स्वर्ग असे कुणाला वाटेल. मलाही सहा महिने तसेच वाटत होते. भाषा कळू लागली तसा माझा गैरसमज फिटत गेला.

आमच्या घरी कामाला एक बाई येत. पुएब्ला राज्याच्या डोंगराळ भागातून आलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांची मातृभाषा नाहुआत्ल. मालकीण त्यांना 'मुचाचा' म्हणे. मुचाचा म्हणजे पोरगी. स्पॅनिशमध्ये एकेरी संबोधनाला 'तू'च म्हणतात, अगदी आपलाच 'तू', आणि आदराचे संबोधन म्हणजे 'उस्तेद'. मालकीण बाईंना 'तू' म्हणे आणि बाई मालकिणीला 'उस्तेद' म्हणत. हाक आली की बाई उत्तर देत, "मान्दे?" त्याचा शब्दशः अर्थ "आज्ञा करा." माझे वर्गमित्र म्हणत, ही तर साधी सभ्यतेची रीत आहे, सगळेच म्हणतात. असेलही. पण आमच्या आजोबांना पाटलाचे पोरगे 'अरे' म्हणे आणि आजोबा 'जी' म्हणत. त्यामुळे माझ्या कानाला तो शब्द साधा लागला नाही. मी बाईंना 'दोन्या' म्हणू लागलो, म्हणजे आपल्याकडचे 'बाई'. पहिल्या दिवशी त्यांनी मागे वळून पाहिले. बाजारात 'ग्वेरो' ऐकून मी पाहिले होते, तसेच.

आता मुख्य गोष्ट. नाहुआत्लमध्ये नामांना लिंग नसते. त्यामुळे दोन्या स्पॅनिश बोलताना लिंग चुकवीत. त्याही 'एल् मानो' म्हणत. चूक तीच, शब्दही तोच. मी चुकलो की मालकीण हसून म्हणे, "वा, किती लवकर शिकलास!" दोन्या चुकल्या की ती माझ्याकडे पाहून डोळे मिचकावी आणि म्हणे, "ह्यांना नीट बोलता येत नाही. ह्यांची नुसती बोली आहे, भाषा नाही." मी एका वर्षात अर्धीकच्ची स्पॅनिश शिकलो तर हुशार ठरलो. दोन्या दोन भाषांत जगत होत्या तरी अडाणी ठरल्या. माझी चूक माफ होती, कारण मी विमानातून आलो होतो. त्यांची चूक माफ नव्हती, कारण त्या डोंगरातून आल्या होत्या.

तिथल्या कायद्याने २००३ साली मूळ रहिवाशांच्या भाषांना स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषा म्हटले आहे. अशा ६८ भाषा सरकार मोजते. घरकाम करणाऱ्या स्त्रियांना सामाजिक विम्यातून वगळणे हा भेदभाव आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. कायदा पुढे गेला की घराचा उंबरा लगेच ओलांडतोच असे नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

शहराच्या उत्तरेला तेपोत्सोत्लान इथे जेझुइटांच्या जुन्या वास्तूत एक संग्रहालय आहे. तिथे अठराव्या शतकातले एक चित्र आहे. एकाच कापडावर सोळा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत आई, बाप आणि मूल. स्पॅनिश, मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसे ह्यांच्या संकरातून जन्मलेल्या मुलाला काय म्हणायचे ते खाली लिहिले आहे. ह्या वर्गवारीला म्हणत 'कास्ता'. हाच शब्द पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आपल्या जातीला लावला आणि त्यातून इंग्रजीतला शब्द आला. तिथली कास्ता आणि आपली जात मात्र एक नव्हेत. तिथे संकर झाला आणि मग त्याची प्रतवारी लावली गेली. इथे संकर होऊच नये म्हणून प्रतवारी लावली गेली आणि तिला धर्माचा आधार दिला गेला. तिथे अस्पृश्यता नव्हती. पैशाने, कागदपत्राने माणसाला थोडे वर सरकताही येई. पण रक्तावरून माणसाची किंमत ठरवण्याची वृत्ती दोन्हीकडे आहे.

त्या सोळांपैकी एका चौकटीतल्या मुलाच्या कास्तेचे नाव वाचून मी थबकलो. 'नो ते एन्तिएन्दो.' म्हणजे, 'मला तू कळत नाहीस.' माणसाच्या जातीचे नावच 'मला तू कळत नाहीस'! ज्याला समजून घ्यायचे नाही त्याला नाव देऊन टाकायचे, ही युक्ती आपल्याला चांगली ठाऊक आहे. तालुक्याच्या हायस्कुलातले हसणे आणि मालकिणीचे डोळे मिचकावणे ह्या दोन्हींचा अर्थ त्या चौकटीखाली लिहिलेला होता.

कास्ता नष्ट करावी हा विचार तिथे स्वातंत्र्यलढ्यातूनच आला. होसे मारिया मोरेलोस ह्यांनी १८१३ सालीच आपल्या राजकीय कलमांत गुलामी आणि कास्तांचा भेद कायमचा बंद करावा असे मांडले. १८२९ साली राष्ट्राध्यक्ष विसेन्ते गेरेरो ह्यांनी गुलामी रद्द केली. ते स्वतः आफ्रिकी वंशाचे होते. त्यानंतर बेनितो हुआरेस. १८०६ साली ओआहाका प्रांतातल्या डोंगरी खेड्यात जन्मलेला, लहानपणीच आईबाप गेलेला, मेंढ्या राखणारा झापोतेक मुलगा. त्याला स्पॅनिश येत नव्हते. चुलता शिकवी. धडा आला नाही तर शिक्षा करता यावी म्हणून चाबूक आपण स्वतःच चुलत्याकडे नेऊन देत होतो, असे त्याने पुढे आपल्या मुलांसाठी लिहून ठेवले आहे. बाराव्या वर्षी तो पायी शहरात गेला. बहीण ज्या घरात स्वयंपाक करी तिथे राहिला, वकील झाला आणि १८५८ साली देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचे पुतळे गावोगावी आहेत. पण त्याच पुतळ्याखाली उभे राहून लोक दोन्यांसारख्यांच्या भाषेला 'बोली' म्हणतात. पुतळे उभारणे सोपे असते आणि ऐकून घेणे अवघड, हा रोग केवळ आपलाच नाही.

१९ सप्टेंबर २०१७. १९८५ साली ह्याच तारखेला झालेल्या भूकंपात ह्या शहरात हजारो माणसे मेली. कारखान्यांत काम करणाऱ्या कितीतरी शिवणकामगार स्त्रिया त्यांत होत्या. त्या स्मरणार्थ दरवर्षी भूकंपाची तालीम होते. त्या दिवशीही सकाळी अकराला झाली. दुपारी सव्वाच्या सुमारास घर हलायला लागले आणि जवळजवळ त्याच वेळी रस्त्यावरचे भोंगे वाजू लागले. पुन्हा तालीमच आहे की काय, ह्या घोटाळ्यात मी खुर्चीतच बसून राहिलो. दाराशी दोन्या होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि ओरडल्या, "देमे एल् मानो!" हात दे! लिंग चुकले होते. वाक्य मला एका क्षणात कळले. तीन जिने आम्ही हात धरून उतरलो.

आमचे घर उभे राहिले. शहरात दोनशेहून अधिक माणसे गेली. संध्याकाळी पडलेल्या एका इमारतीजवळ लोकांच्या रांगा लागल्या. दगडमातीच्या बादल्या हातोहात पुढे जात होत्या. मीही उभा राहिलो. मधेच कुणीतरी मूठ वर करी. ती मूठ मागेमागे सगळ्यांच्या हातांतून वर जाई आणि शेकडो माणसे एकदम गप्प होत. आपल्याकडे वर उचललेली मूठ म्हणजे घोषणा. तिथे त्या मुठीचा अर्थ होता, शांत राहा, खालून कुणाचा आवाज येतो का ते ऐका. गाडलेला माणूस कुठल्या भाषेत हाक मारतो, त्याचे व्याकरण बरोबर आहे का, हे त्या वेळी कुणी पाहत नव्हते.

म्हणून त्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर आता असे देतो. तिथल्या लोकांनी मला जात विचारली नाही. ती विचारणारी माणसे मला त्या शहरातही भेटली, पण ती आपल्याच देशातून आलेली होती. एका घरी दिवाळीच्या जेवणाला गेलो तेव्हा "आडनाव काय? गाव कुठलं? बरं, पण मूळचे कुठले?" अशी जुनी प्रश्नावली ताटावरच सुरू झाली. आणि तिथल्या समाजातही वर-खाली आहे. ते रंगावरून, कामावरून आणि बोलण्यावरून ओळखले जाते. परदेशी म्हणून आपण त्यातून सुटतो, तिथली आपली माणसे सुटत नाहीत. जाणाऱ्या मुलामुलींनी जरूर जावे. निघण्यापूर्वी सहा महिने तरी भाषा शिकावी, मोठ्याने चुकावे, आणि भाषा येऊ लागली की घरात झाडू मारणारी बाई काय बोलते ते आधी ऐकावे. नाहीतर आपण फक्त सुटका करून घेऊन परत येऊ.

मी आता जालना जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात शिकवतो. तांड्यावरून येणारा एक मुलगा मराठी बोलताना 'तो, ती, ते' चुकवतो. पहिल्या आठवड्यात तो चुकला तेव्हा वर्ग हसला, आणि खरे सांगायचे तर मलाही हसू आले. मी गुरुजींच्या जागी उभा होतो. ते हसू तोंडावर आले तसेच गिळले आणि त्याला म्हणालो, "बोल, पुढं बोल. मला कळतंय."